जंगलातलं गवत हर्बेरियमच्या कागदावर: पहिल्यांदा नमुना करणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरात घाटातल्या दाट झाडीतून चालून आलात की पँटच्या घोट्यापाशी बारीक, चिकट दाणे लागलेले दिसतात. ते बहुधा ओप्लिस्मेनस या गवताचे असतात. सावलीत, पालापाचोळ्यावर पसरत जाणारं, बांबूच्या पानाची लहान आवृत्ती वाटावी अशा पानांचं हे गवत सह्याद्रीत सगळीकडे सापडतं आणि हाताला सहज येतं. पहिला नमुना, म्हणजे हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवायचं कागदावर चिकटवलेलं रोप, करायला ते उत्तम, म्हणून खालच्या पायऱ्यांत उदाहरण त्याचंच घेतलं आहे. कुसळी, मारवेल अशा माळावरच्या गवतांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

गवताचा नमुना फुलझाडासारखा करता येत नाही. जास्वंदीची फांदी फुलासकट दाबली तर काम भागतं. गवताचा नुसता तुरा तोडून आणलात तर तज्ज्ञ तो बाजूला ठेवतात. मूळ कसं आहे, खोड जमिनीवर सरपटतं की उभं राहतं, पेरांवर (खोडावरच्या गाठींवर) मुळं फुटतात का, पान आणि त्याचं खोडाला वेढणारं आवरण जुळतात तिथे काय आहे, यावर ओळख ठरते. यातलं जे जागेवर घेतलं नाही किंवा लिहिलं नाही, ते घरी आल्यावर कुठूनही मिळत नाही. सर्वात जास्त वेळ म्हणूनच जंगलात द्यायचा. चिकटवण्याचं काम नंतर निवांत होतं.

१. परवानगी

गवतच तर आहे, कोण विचारतंय, असं समजू नका. राखीव जंगलाला भारतीय वन अधिनियम १९२७ लागू असतो. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागू होतो आणि तिथे मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलासाठी त्या वन विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे अर्ज करायचा. पत्र हातात आल्यावरही स्थानिक वनक्षेत्रपालांना आधी कळवून मगच आत शिरायचं.

अर्जासोबत लागणारे कागद:

- कॉलेज, विद्यापीठ किंवा संस्थेच्या लेटरहेडवर मार्गदर्शकांचं पत्र
- ओळखपत्राची प्रत
- कुठल्या तारखांना, कुठल्या परिक्षेत्रात जाणार याचा तपशील
- काय घेणार, किती घेणार आणि नमुने शेवटी कुठल्या हर्बेरियममध्ये जमा होणार

शेवटचा मुद्दा बरेच जण लिहीत नाहीत आणि अर्ज तिथेच अडकतो. उत्तर यायला आठवडे लागू शकतात. सप्टेंबरात जायचं असेल तर अर्ज मेच्या आसपास करा.

देवरायांचं वेगळं आहे. सावलीतली गवतं तिथे चांगली राहिलेली असतात, पण पुष्कळ गावांत देवराईतलं पानही बाहेर न्यायचं नसतं. आधी गावात बसून विचारा. नको म्हणाले तर फोटो काढून परत फिरा. खाजगी मालकीच्या रानात मालकाला विचारायचं.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांनी एक लक्षात ठेवावं: जैवविविधता अधिनियम २००२ नुसार परदेशी नागरिकाला संशोधनासाठी इथलं जैविक साहित्य घ्यायचं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी लागते. सुट्टीत येऊन बॅगेत चार नमुने घालून नेणं चालत नाही.

२. कधी जायचं

आपल्याकडची बहुतेक गवतं ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळात तुऱ्यावर येतात. ओप्लिस्मेनससाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर धरून चाला. तुरा पूर्ण बाहेर आलेला हवा, पण दाणे पिकून झडायला लागलेले नसावेत. फार लवकर गेलात तर तुरा आवरणातच अडकलेला असतो. उशीर झाला तर हात लावताच कणिशकं (तुऱ्यातले फुलांचे बारीक झुपके) गळतात आणि हातात रिकामी दांडी उरते. सर्वात चांगला नमुना म्हणजे एकाच बेटात काही तुरे फुलातले आणि काही दाणे धरलेले.

वेळ सकाळी दहानंतरची. त्याआधी दव असतं, आणि ओला नमुना दाबला की काळा पडतो.

३. सोबत काय न्यायचं

- खुरपं किंवा अणकुचीदार छोटी कुदळ
- छाटणीची कात्री
- ४५ × ६० सें.मी.च्या जाड प्लास्टिक पिशव्या, दहाएक
- रद्दी वर्तमानपत्रं, चकचकीत मासिकं नकोत
- ४५ × ३० सें.मी.ची दाबपट्टी: लाकडी जाळीच्या दोन फळ्या आणि आवळायला दोन पट्टे
- टीपकागद ४० ते ६०, आणि पन्हाळीचे पुठ्ठे १५ ते २०
- बटर पेपर
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- वही, पेन्सिल, दोरा लावलेले क्रमांकाचे बिल्ले
- फोन, ज्यात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दिसतात

पेन्सिल म्हणजे पेन्सिलच. बॉलपेन ओल्या कागदावर नीट उमटत नाही आणि जेल पेनाची शाई पाण्यात पसरते. पायात गमबूट किंवा उंच बूट हवेत. घाटात पावसाळ्यात जळवा असतात, कोकणाच्या बाजूला फुरसं पाचोळ्यात दडून बसतं. पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने तो हलवून घ्या.

४. हे गवतच आहे ना?

नवख्यांचे पुष्कळ "गवताचे" नमुने लव्हाळ्याचे निघतात. खोड दोन बोटांत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर तो बहुधा लव्हाळा. गवताचं खोड गोल किंवा चपटं असतं आणि त्याला ठळक पेरं असतात. गवताची पानं खोडाच्या दोन बाजूंना दोन ओळींत लागतात, लव्हाळ्याची तीन ओळींत. गवताच्या पानाचं आवरण बहुतेक वेळा एका बाजूने उघडं असतं, नखाने सहज सुटतं. लव्हाळ्याचं नळीसारखं बंद असतं. कारवी, आलं-हळदीच्या जातीची रोपं, कोवळे बांबू यांनाही गवत समजून उचलणारे असतात. त्यातला बांबू खरोखरच गवतकुळातला आहे, पण त्याचा नमुना करायची रीत वेगळी. तो पहिल्या खेपेला घेऊ नका.

५. उपटणं

आधी उभं राहून पाहा. त्या जागी अशी किती बेटं आहेत? वीसपेक्षा कमी दिसली तर मुळासकट उपटू नका. फोटो घ्या, एक तुरा आणि एक पान घ्या, पुढे चला. ओप्लिस्मेनसबाबत ही वेळ सहसा येत नाही.

मग एक बेट निवडा. धडधाकट, किडीने न खाल्लेलं आणि मध्यम आकाराचं. सर्वात उंच आणि देखणं रोप निवडायचा मोह होतो, पण नमुना त्या जागच्या सरासरी रोपाचा हवा.

ओढून उपटलंत तर खोड पहिल्या पेराशी तुटतं आणि मुळं जमिनीत राहतात. खुरप्याने चहूबाजूंनी दहा सें.मी. अंतरावरून माती सैल करा, खालून उचला, माती हलक्या हाताने झाडा. उरलेली ओढ्याच्या पाण्यात बुडवून सोडवा. नळाखाली जोरात धरू नका, तंतुमुळं निघून जातात. ओप्लिस्मेनसचं खोड आधी जमिनीवर पसरतं, पेरांपाशी मुळं धरतं आणि मग टोकाकडे वर उठतं. हे पसरणं नमुन्यात दिसलं पाहिजे. त्यासाठी निदान दोन-तीन मुळं धरलेली पेरं सोबत घ्या.

आता सर्वात मोठा सापळा. सावलीतली गवतं एकमेकांत गुंतून वाढतात. ओप्लिस्मेनसच्या बेटात सिर्टोकॉकम नावाचं दुसरं गवत हमखास शिरलेलं असतं, पानंही साधारण सारखी. मूठभर उपटलं आणि कागदावर पसरलं की एका नमुन्यात दोन जाती जातात, आणि असा मिश्र नमुना वर्षानुवर्षं चुकीच्या नावाने पडून राहतो. प्रत्येक दांडी खालपर्यंत धरून बघा, ती त्याच मुळाशी जुळते का. मग तुरा भिंगाखाली धरा. ओप्लिस्मेनसच्या कणिशकांना लांब कुसळं असतात. सिर्टोकॉकमला कुसळं नसतात आणि त्याचं कणिशक एका बाजूने कुबडासारखं फुगलेलं असतं.

एकाच जागेवरून, एकाच दिवशी घेतलेल्या त्याच जातीच्या तीन ते पाच प्रती करा. सगळ्यांना एकच क्रमांक. एक तुमच्याकडे, एक हर्बेरियमला, एक तज्ज्ञांना द्यायला. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून घेतलं तरी नवा क्रमांक द्यायचा. हे क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू करू नका. एका माणसाची एकच मालिका आयुष्यभर पुढे चालू राहते.

६. वहीत काय लिहायचं

"आंबोली जंगल, ऑक्टोबर" असं लिहिलेले नमुने कपाटांत ढिगाने आहेत आणि त्यांचा उपयोग जेमतेम आहे. त्याच जागी हे लिहिता आलं असतं:

महाराष्ट्र, सिंधुदुर्ग जिल्हा, सावंतवाडी तालुका, आंबोली–चौकुळ रस्ता, रस्त्यापासून उत्तरेला ४० मी. आत. निमसदाहरित जंगल, वर अंजनी, जांभूळ, पिसा. दाट सावली, जांभ्यावरची ओलसर माती, पाचोळ्याचा थर. खाली पसरून पेरांवर मुळं धरणारं गवत, वर उठलेला भाग ३० ते ४० सें.मी. कुसळं जांभळट, चिकट. मुबलक.

याखाली अक्षांश-रेखांश दशांशात, चार स्थळांपर्यंत. चौथ्या स्थळाचा एक अंक म्हणजे जमिनीवर साधारण अकरा मीटर, तेवढा नेमकेपणा पुरतो. फोनवर आठ आकडे दिसले म्हणून आठही उतरवू नका. समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, तुमचं नाव, क्रमांक.

वाळल्यावर नाहीसं होणारं सगळं इथेच लिहायचं: कुसळांचा, परागकोशांचा आणि फुलातल्या पिसासारख्या कुक्षींचा (परागकण झेलणाऱ्या टोकांचा) रंग, वास, चिकटपणा, रोपाची खरी उंची. पानाचा रंग लिहिण्यात फार अर्थ नाही, "हिरवा" हे सगळ्यांना माहीत आहे.

स्थानिक नाव विचारलंत तर कुणी आणि कुठल्या गावात सांगितलं ते गावासकट लिहा. एकच मराठी नाव चार गवतांना असतं आणि एका गवताला चार गावांत चार नावं.

७. दाबणं आणि दुमडणं

सावलीतल्या गवताचं पान पातळ असतं. उपटल्यापासून थोड्याच वेळात ते सुरळी होऊ लागतं आणि एकदा वळलं की घरी सपाट होत नाही. शक्य असेल तर जागेवरच वर्तमानपत्रात घाला. पाऊस असेल तर पिशवीत पाण्याचा शिडकावा करून, तोंड बांधून न्या आणि त्याच संध्याकाळी दाबा. फ्रीजमध्ये एक रात्र टिकेल, दोन नाही.

हर्बेरियमचा कागद ४२ × २८ सें.मी.चा असतो. नमुना त्यात बसला पाहिजे आणि कडेला एक-एक सें.मी. मोकळा राहिला पाहिजे. चाळीस सें.मी.च्या आतलं गवत सरळ, ऐंशीपर्यंतचं इंग्रजी व्हीसारखं, त्याहून मोठं एनसारखं दुमडायचं. घडी दोन पेरांच्या मधल्या कांड्यावर घाला. पेरावर घातली तर खोड तिथेच मोडतं. घडी घातलेलं गवत स्प्रिंगसारखं उलटतं. त्यासाठी जाड कागदाची ३ × ८ सें.मी.ची पट्टी घ्या, मध्ये चीर पाडा आणि दुमडलेला कोपरा त्या चिरेत अडकवा. वाळल्यावर पट्टी काढून टाका.

सव्वा मीटरच्या वरच्या गवताचे तीन तुकडे करायचे: मुळासकट बुंधा, पान आणि आवरण नीट दिसणारा मधला भाग, आणि तुरा. तिघांना एकच क्रमांकाचा बिल्ला लावा आणि पूर्ण उंची वहीत लिहा.

पसरताना काही पानं पालथी ठेवा, दोन्ही बाजू दिसायला हव्यात. एका आवरणाचं तोंड उघडून ठेवा. पान आणि आवरण जुळतात तिथली पातळ पापुद्र्यासारखी किंवा केसांची जिव्हिका ओळखीसाठी महत्त्वाची असते. पानं दाट असतील तर एखादं कापा, पण पानाच्या बुडाचा खुंट ठेवा म्हणजे तिथे पान होतं हे कळतं.

ओप्लिस्मेनस कंपोझिटस या जातीची पिकलेली कुसळं वर्तमानपत्राला चिकटतात, नंतर ओढताना तुटतात आणि छापील अक्षरं त्यांच्यावर उमटतात. तुऱ्याच्या वर-खाली बटर पेपरचा तुकडा ठेवा.

क्रम असा: पुठ्ठा, टीपकागद, नमुन्याचं वर्तमानपत्र, टीपकागद, पुठ्ठा. पट्टे घट्ट आवळा. गुडघा टेकवून आवळलंत तरी चालेल.

८. वाळवणं

इथेच सर्वात जास्त नमुने वाया जातात, कारण आपण गवत गोळा करतो नेमकं दमट हवेत.

चोवीस तासांनी दाबपट्टी उघडा. नमुना आता लुळा पडलेला असतो, पानं सरळ करायची ही शेवटची संधी. टीपकागद बदला, वर्तमानपत्र मात्र नमुन्यासोबत तेच राहू द्या. पावसाळी हवेत पहिले तीन दिवस दिवसातून दोनदा, मग रोज एकदा टीपकागद बदला. ओले टीपकागद उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतात. नमुना मात्र उन्हात ठेवायचा नाही, तो आक्रसतो आणि फिका पडतो.

ऊन नसेल तर ड्रायर लागतो. कॉलेजात नसेल तर लाकडी खोक्यात खाली दोन जुने पिवळे बल्ब लावून, वर जाळीवर दाबपट्टी उभी ठेवायची, म्हणजे पुठ्ठ्यांच्या पन्हाळ्यांतून गरम हवा वर जाते. ४० ते ४५ अंश सेल्सियस पुरे. जास्त तापवलं की गवत ठिसूळ होतं आणि पेरांवर तुटतं. बल्ब आणि कागद यांच्यात हातभर अंतर ठेवा आणि खोकं चालू ठेवून घर सोडून जाऊ नका. इस्त्री फिरवू नका. कणिशकं चेपतात.

सहसा चार ते सात दिवस लागतात. वाळलं का हे असं पाहा: बुंध्याला धरून आडवं उचला, टोक खाली झुकलं नाही पाहिजे. मग बुंधा गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे. पानं कुरकुरीत होऊनही मुळाचा गठ्ठा ओला राहिलेला असतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

९. नाव लावणं

दोन-तीन कणिशकं कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब टाकून दहा मिनिटं भिजवा. मग सुईने तुषं (कणिशकावरची टरफलं) वेगळी करून भिंगाखाली किंवा सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ओप्लिस्मेनस कंपोझिटसमध्ये तुऱ्याच्या फांद्या लांब आणि एकमेकींपासून दूर असतात, कुसळं गुळगुळीत आणि चिकट. ओप्लिस्मेनस बर्मानीमध्ये फांद्या आखूड आणि दाट, कुसळं खरखरीत आणि चिकट नसलेली.

जुना आधार म्हणजे ब्लॅटर आणि मॅककॅन यांचं १९३५ सालचं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं पुस्तक. चित्रांसाठी ते आजही उघडावं, नावं मात्र बरीच बदलली आहेत. शिवाजी विद्यापीठातून २०१२ साली आलेला, पोतदार, साळुंखे आणि यादव यांचा महाराष्ट्रातल्या गवतांवरचा ग्रंथ जवळ असेल तर आधी तो घ्या. आजचं मान्य नाव इंग्लंडच्या क्यू उद्यानाच्या ऑनलाइन यादीत तपासता येतं. खात्री नसेल तर फक्त प्रजातीचं नाव (इथे नुसतं ओप्लिस्मेनस) लिहून पुढे जागा मोकळी सोडा. मोकळ्या जागेने कुणाची दिशाभूल होत नाही. फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपवर गवताच्या बाबतीत विसंबू नका.

१०. कीड

वाळलेल्या गवतात पुस्तकातल्या उवा आणि छोटे तपकिरी भुंगे घुसतात, दाणे आतून पोकळ करतात. जुन्या पद्धतीत नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. ते जहाल विष आहे, घरी तर नकोच. जुने नमुने हाताळतानाही हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. आता गोठवतात. नमुने प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवस उघडू नका. घाईने उघडली तर हवेतली वाफ थंड कागदावर जमते आणि वाळवलेलं पुन्हा ओलं होतं.

११. चिकटवणं आणि लेबल

कागद जाड, आम्लमुक्त. पांढरा डिंक पाण्यात पातळ करून नमुन्याच्या मागे लावायचा आणि जाड बुंधा, पेरं, मुळं इथे सुती पट्टी किंवा दोऱ्याचे टाके घालायचे. मुळं खाली, तुरा वर. सेलोटेप कधीही नाही. काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि तिचा चिकटा नमुन्यावर राहतो. स्टेपलरच्या पिना गंजतात.

पाचही नमुन्यांचे बुंधे कागदाच्या मध्यावर ठेवलेत तर गठ्ठा मध्ये फुगतो आणि कडेची पानं मोडतात. एक नमुना जरा डावीकडे, पुढचा उजवीकडे असा लावा. गळालेली कणिशकं टाकू नका. कागदाची पुडी करून वरच्या कोपऱ्यात चिकटवा. ओळख तपासणाऱ्याला उलगडायला तीच लागतात, लावलेला तुरा मोडावा लागत नाही.

लेबल उजव्या खालच्या कोपऱ्यात, साधारण ८ × १२ सें.मी. कूळ, शास्त्रीय नाव रोमन लिपीत तिरप्या अक्षरांत, ठिकाण, अधिवास, वर्णन, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, संग्राहक, क्रमांक, नाव कुणी ठरवलं. तारखेत महिना अक्षरांत लिहा. ५-१०-२४ हे ऑक्टोबर की मे, असा प्रश्न परदेशातल्या वाचकाला पडतो. इंकजेटची छपाई ओलीत फुटते, लेझरची घ्या.

१२. जमा करणं

पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, असे पर्याय आहेत. नमुना घेऊन थेट जाऊ नका. आधी विचारा: कागदाचा आकार कोणता, चिकटवून हवा की सुटा, परवानगीपत्राची प्रत हवी का. काही ठिकाणी सुटाच मागतात, कारण चिकटवण्याची त्यांची स्वतःची पद्धत असते.

नमुना स्वीकारला की त्यांचा नोंदक्रमांक मिळतो. तो तुमच्या वहीत तुमच्या क्रमांकासमोर लिहा. प्रबंधात किंवा लेखात दोन्ही द्यावे लागतात. पुढे कुणी तज्ज्ञाने नाव बदललं तर तुमचं लेबल काढत नाहीत. नव्या नावाची, तारखेची आणि सहीची छोटी चिठ्ठी त्याच्या शेजारी लागते. ती लागली की तुमच्याकडच्या प्रतींवरही तशीच चिठ्ठी लावा आणि जुनं नाव खोडू नका.